घर मिळालं, शेजार गेला

पावसाळा आला की घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दरडींचा विषय निघतोच. आधी तळिये, मग इर्शाळवाडी, आणि दरवेळी कुणीतरी मलाच म्हणतं, अरे तू कोबेत राहतोस ना, जपानवाले कसं पुनर्वसन करतात ते सांग की जरा. आता काय सांगू, याच कोबेत 1995 च्या भूकंपानंतर तात्पुरती घरं लॉटरीने वाटली, म्हाताऱ्यांना आणि अपंगांना आधी, ऐकायला एकदम बरोबर! पण त्यात एका गल्लीतली माणसं चार दिशांना गेली आणि कितीतरी म्हातारी माणसं बंद दाराआड एकेकटी मेली. इथे त्याला कोदोकुशी असा शब्दच आहे.

हे पहिल्यांदा कळलं तेव्हा आजीच आठवली. आमचं गाव औसा तालुक्यात. 30 सप्टेंबर 1993, किल्लारीचा भूकंप, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीची पहाट, माळवदाच्या मातीखालनं आजीला बाहेर काढलं ते शेजारच्या मावशीने. पुढे नवं गाव बसलं, सरळ रस्ते, ओळीने घरं, पण घर मिळालं जमिनीवरून: भूमिहीन ते 1 हेक्टरवाल्यांना 250 स्क्वेअर फूट, 7 हेक्टरपर्यंत 400, त्याच्यावर 750. आजी चारशेच्या ओळीत आणि मावशी अडीचशेच्या, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. जुन्या गावात भिंतीवरून कालवणाची वाटी जायची, इथे आजी भर उन्हात चालत निघायची आणि सगळी घरं सारखीच म्हणून दोनदा भलत्याच्याच घरात शिरली. घर पक्कं होतं हां, त्याबद्दल तक्रार नाही.

जपान कोबेवरून शिकला. 2004 ला नीगाताच्या भूकंपात यामाकोशी गाव रिकामं करावं लागलं, तेव्हा एकेका वाडीची माणसं तात्पुरत्या घरांत एकत्रच ठेवली. पण 2011 च्या त्सुनामीनंतर रिकुझेनताकाता शहरात डोंगर फोडून, कन्व्हेयर बेल्टने माती आणून सगळी जमीन उंच केली, त्यात इतकी वर्षं गेली की बरेच लोक दुसरीकडेच स्थिरावले, आज तिथे प्लॉट रिकामे पडलेत. म्हणजे पैसा नि मशिनं असूनही हे!

आपल्याकडे भांडण कशावर, तर किती घरं, कधी देणार, चावी कुणाच्या हस्ते. अर्जात एक रकाना वाढवा ना, शेजारी कोण हवंय म्हणून, फुकटात होणारं काम आहे.

मावशीने शेवटी आपलं घर पोराला दिलं आणि आजीच्या मागच्या अंगाला पत्र्याचं शेड टाकून राहिली. वर्षभरात अतिक्रमणाची नोटीस आली.