आईची चिठ्ठी आणि आजची हिअरिंग

रात्रीचे साडेअकरा वाजलेत, सकाळी आठला मीटिंग आहे, पण हे ओकल्याशिवाय झोप येणार नाही म्हणून लिहितेय.

आत्ता आमच्या, मॅसॅच्युसेट्समधल्या टाऊनच्या हिअरिंगवरून, म्हणजे जाहीर सुनावणीवरून आले. विषय तोच, स्टेशनच्या आजूबाजूला मल्टिफॅमिली घरांसाठी, म्हणजे एका इमारतीत अनेक बिऱ्हाडं अशा घरांसाठी, झोनिंग (कुठे काय बांधता येईल याचे नियम) करायचं की नाही. तीन तास बसले. गोरे आजी-आजोबा एकेक करून उठत होते आणि 'गावाचं कॅरॅक्टर' वगैरे म्हणत होते, ते मी निवांत ऐकलं, त्यांच्याकडून वेगळी अपेक्षाच नव्हती. पण मग माईकपाशी आपलाच माणूस उभा राहिला. मराठी. गणपतीला पुढे उभा राहून आरती म्हणणारा. आणि काय म्हणाला, तर "अपार्टमेंटमधले लोक आज इथे उद्या तिथे, त्यांना गावाचं काय पडलेलं असतं."

अरे, तू माझ्या डोक्यावर राहत होतास! बॉस्टनच्या डॉर्चेस्टर भागात, थ्री-डेकरच्या (तीन मजली घर, मजल्याला एक बिऱ्हाड) तिसऱ्या मजल्यावर, आणि ती जागा तुला मीच शोधून दिली होती. आम्ही मधल्या मजल्यावर, मालकीणबाई खाली, फील्ड्स कॉर्नर स्टेशन सात मिनिटांवर. गाडी तुझ्याकडेही नव्हती, आमच्याकडेही नव्हती.

आई पहिल्यांदा आली ती त्याच घरात. इंग्रजी जेमतेम, पण घरात बसून राहणं तिला कधी जमलंच नाही. मी एका चिठ्ठीवर देवनागरीत लिहून दिलं होतं: जाताना पार्क स्ट्रीट, येताना 'ॲशमाँट' लिहिलेलीच गाडी, उतरायचं फील्ड्स कॉर्नर. ती चिठ्ठी पाकिटात घालून बाई रोज एकटी मेट्रोच्या रेड लाइनने जायची, बॉस्टन कॉमन बागेत बाकावर बसायची, खारी बघायची, परत यायची. एकदा दुसऱ्या फाट्याच्या, ब्रेनट्रीच्या गाडीत बसली आणि पार क्विन्सीला पोचली. लोकांना चिठ्ठी दाखवत दाखवत मागे आली, गाडी बदलली, आणि आम्हाला दोन दिवसांनी सांगितलं. तेही केवढ्या ऐटीत.

हे त्याला माहीत आहे. ती गोष्ट ऐकून सगळ्यात जास्त तोच हसला होता.

बरं, ज्या कायद्यामुळे ही हिअरिंग झाली तो मागतोय तरी काय? ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आपल्या राज्याने जानेवारी 2021 मध्ये तो केला, 177 गावांना लागू. ज्या गावांना टी (बॉस्टनची मेट्रो) किंवा कम्युटर रेलचा फायदा मिळतो त्यांनी निदान एक पट्टा असा ठेवायचा जिथे मल्टिफॅमिली घर बांधायला कुणाच्या पाया पडून स्पेशल परमिट मागावं लागणार नाही. स्टेशन असेल तर ते त्याच्या अर्ध्या मैलात. वयाची अट घालायची नाही, म्हणजे 'फक्त 55 च्या वरचे' अशी पळवाट बंद, पोरंबाळं असलेल्यांना राहता आलं पाहिजे. आणि एकरी किमान 15 घरं. आता एकर म्हणजे आपले 40 गुंठे. त्यात पाच थ्री-डेकर, आठ गुंठ्याला एक, झाली की 15! डॉर्चेस्टरमधली आपली गल्ली याहून दाट होती. आणि लोक तिथे मॅनहॅटन, मॅनहॅटन करत होते. वर हा कायदा एक वीटसुद्धा रचायला लावत नाही, फक्त मनाई उठवा म्हणतो. जागेचा मालक नको म्हणाला तर तिथे शंभर वर्षं गवतच राहील.

गंमत म्हणजे ज्या थ्री-डेकरने आपल्याला थारा दिला ते या राज्यात कितीतरी गावांनी ठरवून बंद पाडलेत. 1912 च्या कायद्याने गावांना ती मुभा दिली. तोंडाने आगीची भीती सांगायचे, पण त्यात राहायला येणारे परदेशी लोक नको होते हे काही लपून राहिलेलं नाही. 1926 साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने झोनिंग उचलून धरलं, ओहायोमधल्या युक्लिड गावाची केस, त्या निकालात अपार्टमेंट इमारतीला चक्क बांडगूळ म्हटलंय. आज तेच ऐकलं, फक्त आपल्या ॲक्सेंटमध्ये.

हो, ट्रॅफिक वाढेल थोडं, शाळेत वर्ग कमी पडतील कदाचित, आणि नवे फ्लॅट काही स्वस्त नसणारेत, बिल्डर धर्मादाय करायला येत नाही. मान्य. पुढे.

आई दुसऱ्यांदा आली ती या घरात. लॉन, दोन गाड्यांचं गॅरेज, मागे झाडं. सहा महिने ती खिडकीत बसून होती. फूटपाथ नाही, दुकान नाही, आमच्या गावात स्टेशन आहे पण आमच्या घरापासून तिथे चालत जायचं म्हणजे गाड्यांच्या रस्त्याच्या कडेने जीव मुठीत धरून. कचऱ्याची गाडी गुरुवारी येते हे मला तिच्याकडून कळलं. जाताना म्हणाली, "घर छान आहे गं, पण मला इथे कुणीतरी बाहेर काढावं लागतं." कुत्र्याला काढतात तसं, हे ती म्हणाली नाही, माझ्याच डोक्यात आलं.

आता एक कबूल करते, नाहीतर हे सगळं खोटं होईल. हे घर घेतल्यावर दुसऱ्याच वर्षी आमच्या रस्त्याच्या टोकाला 40बी खाली (परवडणाऱ्या घरांसाठी गावाच्या झोनिंगला बगल देऊ देणारा राज्याचा कायदा) एक इमारत येणार होती. शेजारीण केक आणि पिटिशन घेऊन आली. मी केक खाल्ला आणि सही केली. वाचलंही नाही नीट. घराची किंमत पडेल असं कुणीतरी म्हणालं होतं आणि कर्ज नवं होतं, छातीत धस्स झालं, बस. इमारत आली नाही. तेव्हा आज माईकपाशी जो उभा होता त्याला मी अगदीच ओळखत नाही असं नाही.

पण मी निदान गप्प सही केली रे, माईकवर जाऊन आपल्याच जुन्या पत्त्याला शिव्या नाही दिल्या.

बाहेर पार्किंगमध्ये त्याने हात केला. मी केला नाही. आता वाईट वाटतंय. त्याचे वडील यंदा उन्हाळ्यात येणारेत, पहिल्यांदाच, त्यानेच सांगितलं होतं मंडळाच्या पिकनिकला. काकांनी आयुष्यभर लोकलने नोकरी केलीय.

ज्यांना 'सरकारने आमच्यावर का लादायचं' असं वाटतं त्यांनी बॉस्टनला लागून असलेल्या मिल्टन गावाचं बघा. तिथे टाऊन मीटिंगने, म्हणजे गावाच्या निवडून दिलेल्या सभेने, प्लॅन पास केला, मग फेब्रुवारी 2024 च्या मतदानात लोकांनी पाडला, प्रकरण राज्याच्या सुप्रीम कोर्टात गेलं आणि जानेवारी 2025 मध्ये कोर्टाने सांगितलं की कायदा पाळावाच लागेल. नियम बनवण्याची पद्धत चुकली म्हणून राज्यालाही चपराक बसली, ते नियम नव्याने काढावे लागले, हेही खरं. पण शेवटी मिल्टनने केलंच ना. मग वकिलांना पैसे कशाला चारायचे?

सोमवारी साडेसातला मतदान आहे, हायस्कूलच्या हॉलमध्ये. जे टाऊन मीटिंग मेंबर आहेत त्यांनी कृपा करून या, मुलांचा क्लास एक दिवस चुकला तर चालतो. आणि तू, हे वाचशील हे माहीतेय, मध्ये वेळ मिळाला तर आईला एक फोन कर. व्हॉट्सॲप नंबर तोच आहे. क्विन्सीची गोष्ट तिच्या तोंडून परत एकदा ऐक.