लीकेज शोधा ना राव, पार्ट काय बदलत सुटलाय!

पहाटे चारला बघतो तर माझी बस डाव्या अंगाला बसलेली. परत! अक्कलकोट-तुळजापूरचं बुकिंग, माणसं पिशव्या घेऊन रस्त्यावर उभी, त्यातली निम्मी साठीच्या पुढची, आणि मागचा डावा बलून, म्हणजे सस्पेन्शनचा हवेचा रबरी फुगा, पार चेपलेला, मागच्या ब्रेकच्या हवेचा काटा शून्यावर. आदल्या संध्याकाळी गॅरेजातनं आणलेली गाडी आहे ही. एअर ड्रायर, हवेतलं पाणी काढणारा डबा, नवा टाकलाय, बिल अजून खिशात आहे, आणि मिस्त्री म्हणाला होता, "मालक, आता वर्षभर बघायचं काम नाही."

मग काय, स्टार्टर मारा आणि रेस देत बसा. हवा भरल्याशिवाय हँडब्रेक सुटत नाही, आत स्प्रिंगनं चाकं धरून ठेवलेली, बझर केकाटतोय, वरच्या मजल्यावरनं एकजण ओरडतोय की लोकांना झोपू द्या, आणि खाली एक मावशी विचारतायत, "दादा, जाईल ना गाडी नक्की?" काय सांगू त्यांना? मिस्त्रीला फोन लावला तर झोपेतच म्हणतो, "रेस द्या थोडी, भरल हवा." अरे भरते रे! राहत नाही, त्यासाठीच तर गाडी तुझ्याकडं लावली होती! संध्याकाळी 8 किलो प्रेशर दाखवणारी गाडी पहाटेपर्यंत रिकामी होते याचा अर्थ कुठंतरी भोक आहे, आणि ते भोक नवा ड्रायर टाकून बुजत नाही एवढं तरी गॅरेज चालवणाऱ्या माणसाला कळावं ना.

ट्रिप करून आलो आणि स्वतःच खाली शिरलो. बादलीत साबणाचं पाणी, एक जुना ब्रश, बाकी काही नाही. हवा फुल भरली, इंजिन बंद केलं आणि मागच्या टाकीपासनं एकेक जॉइंटला फेस लावत गेलो. बलूनमधली हवा कमीजास्त करणाऱ्या मागच्या लेव्हलिंग वाल्वला लावला आणि बघता बघता मुठीएवढा फुगा! पाइप काढून बघितला तर नायलॉनच्या पाइपचं टोक शेवग्याची शेंग चिरतात तसं तिरकं कापलेलं. पुश कनेक्टर आहे तो, पाइप सरळ कापून शेवटपर्यंत दाबला तरच आतली ओ-रिंग धरते. तिरका पाइप एका बाजूनं टेकतो, दुसरीकडनं हवा सुटते, आणि रात्री गारठ्यात रबर आकसलं की जास्तच सुटते. हा पाइप कुणी कापला? याच गॅरेजनं, बलून बदलताना! पाइप कटर कितीला येतो रे? एका ड्रायरच्या पैशात ढीगभर येतील.

आणि वाल्वच्या तोंडाशी टेफ्लॉनचा पांढरा दोरा लोंबत होता. इथं माझं डोकं फिरलंच. टेफ्लॉन टेप नळाला लावतात, एअरच्या फिटिंगला नाही, त्याचे तुकडे तुटून आत जातात आणि वाल्वच्या सीटवर अडकतात. मग वाल्व नीट बसत नाही, परत लीकेज, आणि मग "मालक, वाल्व गेला". गेला नाही, तुम्ही घालवला!

आता बलूनच्या लीकेजनं ब्रेकची टाकी का रिकामी व्हावी? कंपनीनं प्रोटेक्शन वाल्व दिलाय तो कशाला? एक लाइन फुटली तरी ब्रेकची हवा वेगळी राहावी म्हणून. पण चासीवर बस बांधणाऱ्या आमच्या बॉडीवाल्यानं कुठनं लाइन घेतलीय बघा, थेट मागच्या ब्रेकच्या टाकीतनं टी, म्हणजे तीन तोंडांचा जॉइंट, मारून! बलून त्यावर, दरवाजा त्यावर, आणि प्रेशर हॉर्नसुद्धा त्याच टी वर. त्या हॉर्नवर माझा आधीपासनं राग आहे. वेगवेगळे सूर काढणाऱ्या मल्टिटोन हॉर्नला मोटार वाहन नियमात, 119 नंबरच्या नियमात, चक्क बंदी आहे, तरी प्रत्येक बॉडीवाला "गिऱ्हाईक मागतंय" म्हणून बसवतो आणि ड्रायव्हर खंबाटकी उतरताना वाजवत सुटतो. घाटात ब्रेकला लागणारी हवा आहे ती, तुझं गाणं वाजवायला नाही भरलेली!

आणि "थोडंफार लीकेज चालतंच" म्हणणाऱ्यांना तर मी दारात उभा करणार नाही. कुणाला चालतं? मागं चाळीस माणसं बसलेली असताना? लीकेज असलं की कॉम्प्रेसरला उसंत मिळत नाही, तापतो, तेल फेकायला लागतो, ते तेल जातं ड्रायरमध्ये, ड्रायर खराब होतो, टाकीत पाणी साठतं, वाल्व गंजतात. म्हणजे पन्नास रुपयाच्या जॉइंटपायी सगळी सिस्टीम बसते आणि गॅरेजवाला एकेक पार्ट बदलून बिलं फाडतो. पहिल्यांदा कॉम्प्रेसर, मग हँडब्रेक वाल्व, आता ड्रायर. तेही पार्ट ओरिजिनल असतील याची खात्री नाही, डब्बा तोच, होलोग्राम तोच, आतलं रबर बोटानं दाबलं की चिरतंय.

सगळ्यात जास्त राग मात्र वेगळ्याच गोष्टीचा आहे. बलून बदलायला गेलो तेव्हा तिथलं पोरगं, मिसरूड पण फुटलेलं नाही, हवेवर उभ्या गाडीखाली सरळ आडवं झालं. खाली टेकू द्यायची घोडी लावलेली नाही! पाइप निसटला तर ती अख्खी बस खाली बसते एका क्षणात. मी ओरडून बाहेर काढला त्याला, तर मिस्त्री माझ्यावरच हसला, "काही होत नाही हो, रोजचं आहे." याच गॅरेजात स्प्रिंग ब्रेकचा चेंबर बोल्टनं स्प्रिंग दाबून न धरता हातोड्यानं खोलताना बघितलंय मी. त्या स्प्रिंगनं माणूस मरतो, हे त्या पोराला कुणी सांगितलंय का?

गाडीवाल्यांनो, गॅरेजातनं गाडी उचलायच्या आधी हवा फुल भरा, चाकांना ठोकळे लावा, हँडब्रेक सोडा, इंजिन बंद करा आणि दहा मिनिटं काट्याकडं बघत बसा. मग ब्रेक दाबून धरून परत बघा. ब्रेक दाबताना काटा एकदा थोडा उतरतोच, पण ते सोडून उतरत राहिला तर पैसे देऊ नका, मिस्त्री कितीही गोड बोलला तरी. आणि बिलात "लीकेज काम" असं लिहिलं असेल तर विचारा, कुठला जॉइंट, दाखव.

आज सकाळी त्याचा फोन आला होता, ड्रायरचे राहिलेले पैसे कधी देताय म्हणून. जुना ड्रायर परत दे म्हटलं, तर म्हणे भंगारात गेला. चांगला ड्रायर भंगारात! राहिलेला एक रुपया मी देणार नाही, आणि तो तिरका कापलेला पाइप त्याच्या टेबलावर नेऊन ठेवणार आहे, चार गिऱ्हाइकं बसलेली असताना.