घंटागाडीवरच्या पगाराबद्दलचा तो मेसेज खरा नाही
जळगाव, भुसावळ, धुळ्याच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘पालिकेच्या ठेकेदाराने कामगाराला जगण्यापुरते वेतन देणे आता बंधनकारक. ठेकेदाराने बुडवले तर मात्र पालिकेचा संबंध नाही.’

पहिलं वाक्य आपल्याकडचं नाहीच. पालिकेचं कंत्राट हवं तर निर्वाह वेतन, म्हणजे नीट जगता येईल एवढा पगार द्या, असा नियम अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराने 1994 मध्ये केला. आपल्या राज्यघटनेच्या कलम 43 मध्ये निर्वाह वेतन आहे, पण मार्गदर्शक तत्त्व म्हणून. त्यावर कोर्टात वसुली होत नाही. आपल्याकडे सक्ती आहे ती किमान वेतनाची: मूळ दर अधिक विशेष महागाई भत्ता. ‘टेंडरच कमी दराने भरलं, परवडत नाही’ ही सबब इथे चालत नाही.

दुसरं वाक्य साफ चुकीचं, आणि कामगाराचं नुकसान त्यानेच होतं. ठेकेदाराने पगार थकवला तर मूळ मालकाने, म्हणजे इथे पालिकेने, तो द्यायचा आणि ठेकेदाराच्या बिलातून कापून घ्यायचा. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याचं कलम 21 हेच सांगत होतं. नव्या कामगार संहितांनीही ही जबाबदारी काढलेली नाही.

पगारपत्रक मागा. बँकेत पूर्ण रक्कम दाखवून मुकादम त्यातले रोख परत मागत असेल तर तेही बेकायदेशीरच. पासबुकाची झेरॉक्स, हजेरीचा फोटो जपून ठेवा आणि लेखी तक्रार दोन्हीकडे द्या: मुख्याधिकारी किंवा आयुक्तांना, शिवाय कामगार आयुक्तांच्या कार्यालयात. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.