वजन ‘कंट्रोल’ केलं की झालं?

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. आईचं धूम्रपान, बाळाचं जन्मवजन आणि बालमृत्यू यांचा हिशेब मी माझ्या लेखात उगाच अवघड केला, असं तुमचं म्हणणं. रिग्रेशनमध्ये (इतर घटक स्थिर धरून एका घटकाचा परिणाम मोजायच्या सांख्यिकी पद्धतीत) वजन घातलं की धूम्रपानाचा वजनाच्या वाटेने होणारा अप्रत्यक्ष परिणाम बाजूला पडतो आणि उरतो तो प्रत्यक्ष परिणाम, असं तुम्ही लिहिता. मानसशास्त्रज्ञ बॅरन आणि केनी यांच्या 1986 च्या लेखापासून असंख्य अभ्यासांत हेच झालं. मीही वर्षानुवर्षं हेच केलं.

पण मग संख्याशास्त्रज्ञ येरुशाल्मींच्या आकड्यांचं काय करायचं? कॅलिफोर्नियातल्या जन्मांच्या नोंदींवरून त्यांनी 1971 मध्ये दाखवलं, की अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या नवजात बाळांत सिगारेट ओढणाऱ्या आयांची बाळं कमी दगावली. तुमची रीत मान्य केली, तर या बाळांना सिगारेटने तारलं असं म्हणावं लागेल. मला ते म्हणवत नाही.

दोन बाळं घ्या, दोघांचंही वजन 2 किलो. एकाची आई सिगारेट ओढते, म्हणजे वजन घटायला एक कारण हाताशी आहे. दुसऱ्याची आई ओढत नाही. मग त्याचं वजन कशाने घटलं? जन्मजात व्यंग असेल, गर्भातला संसर्ग असेल, म्हणजे सिगारेटपेक्षा जास्त जिवावर बेतणारं काहीतरी. कमी वजनाच्याच बाळांची आपसात तुलना केली, की न ओढणाऱ्या आयांच्या बाजूला अशी आजारी बाळं जास्त जमतात, आणि आकडा उलटा फिरतो. व्यंगाची नोंदच नसेल तर लाखभर बाळं घेऊनही तो सुलट होणार नाही.

प्रयोगातही यातून सुटका नाही. उपचार चिठ्ठ्या टाकून वाटता येतो, मधला दुवा, म्हणजे इथे बाळाचं वजन, तसा वाटता येत नाही.

म्हणून मी रॉबिन्स-ग्रीनलँड (1992) आणि पर्ल (2001) या कार्यकारणभावाच्या अभ्यासकांचा प्रश्न धरला: आईने सिगारेट ओढली, पण ती ओढत नसती तर बाळाचं जेवढं वजन भरलं असतं तेवढंच भरलं, तर मृत्यूचा धोका किती बदलेल? प्रश्न असा मांडला की कुठलं गृहीतक कुठे वापरलं ते उघड सांगावंच लागतं.

तुमचा एक मुद्दा मात्र बिनतोड आहे. वजन आणि मृत्यू दोन्हींवर परिणाम करणारं सगळं मोजलं गेलं, हे आकडे स्वतःहून कधीच सिद्ध करत नाहीत. मी ते एका ओळीत उरकलं, ते चुकलं. न मोजलेलं कारण किती प्रबळ असलं तर निष्कर्ष पालटेल, हा हिशेब लेखात जोडतो आहे.

तुम्ही प्रसूतिगृहाच्या नोंदींवर काम करता असं लिहिलंय. त्यात व्यंगाचा रकाना आहे का आणि तो खरोखर भरलाय का, एवढं आधी बघा.