निकाल मान्य, पण वाचला का?

नागपूरच्या लॉ कॉलेज चौकात तर्री-पोह्याच्या प्लेटा हातात असतानाच खैरलांजीचा विषय निघाला आणि दोघं भिडले.

"हायकोर्टानं निकाल दिला ना भाऊ? मंग कायले उकरून राहिला? कोर्टाचा मान ठेव."

"कायचा मान? सारं मॅनेज झालं!"

मला दोघांचाही राग आला. निकाल एकानंही वाचलेला नव्हता.

29 सप्टेंबर 2006 ला भंडारा जिल्ह्यातल्या त्या गावात भोतमांगे या दलित कुटुंबातल्या चौघांना मारलं. 2008 मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयानं आठ जणांना दोषी धरलं: सहांना फाशी, दोघांना जन्मठेप. 2010 मध्ये आपल्या सिव्हिल लाइन्समधल्या हायकोर्टाच्या खंडपीठानं फाशीऐवजी 25 वर्षांची कैद दिली. म्हणजे दोषी ते दोषीच राहिले. हे 'मॅनेज'वाल्याला माहीतच नव्हतं! आणि अॅट्रॉसिटीचा, म्हणजे दलित-आदिवासींवरच्या अत्याचाराविरुद्धचा, कायदा दोन्ही न्यायालयांनी लावला नाही, सूडातून झालेलं हत्याकांड मानलं, हे 'मान ठेव'वाल्याला ठाऊक नव्हतं. मला ते पटत नाही. गावातलं वैर जातीपासून वेगळं कसं काढता येतं? हे मी चौकात उभा राहून म्हणू शकतो, आणि त्यात कोर्टाचा अपमान नाही.

आमच्यातल्या वकिलानं तेच सांगितलं. "1971 च्या अवमान कायद्यात पाचवं कलम आहे. निकाली लागलेल्या खटल्यावर रास्त टीका चालते. पण जज विकला गेला म्हणशील, तर पुरावा लागते."

"टीका करून काय होते बे?"

"नाशिकची खून-दरोड्याची केस घे. सहा जणांची फाशी 2009 मध्ये सुप्रीम कोर्टानं कायम केली, त्यातल्या तिघांना तर हायकोर्टानं जन्मठेप दिली होती. 2019 मध्ये त्याच सुप्रीम कोर्टानं सहाही जण निर्दोष सोडले, वर सरकारला प्रत्येकी पाच लाख द्यायला लावले. 'निकाल लागला, विषय संपला' म्हणून सारे गप्प बसले असते तं?"

'मॅनेज'वाला मग जरा खाली आला. म्हणाला, "बरं, जजवरचं मागं घेतो. पण त्या कुटुंबातले वाचलेले भैयालाल भोतमांगे 2017 मध्ये इथं नागपुरातच गेले. केस पुढं सुप्रीम कोर्टात गेली होती, तिथला निकाल त्यांना पाहायला भेटला नाही. हे तं बोलू देशील?"

"हे बोलच," वकील म्हणाला. "जोरात बोल."