कोर्ता की कोर्ते?

मला पाव कापून हवा होता, एवढंच. माद्रिदमधल्या आमच्या गल्लीतल्या बेकरीत गोल पाव, म्हणजे ओगाथा, मशीनवर कापून देतात. एरवी मी दोन बोटांची कात्री करून दाखवते आणि काम होतं. पण आदल्या संध्याकाळी स्पॅनिशच्या क्लासमध्ये सुब्खुन्तिवो, म्हणजे 'अमुक व्हावं' असं म्हणायची क्रियापदाची रूपं, शिकून आले होते, ते अंगात आलं. "किएरो के मे कोर्ता ला ओगाथा," मी ठणकावून म्हटलं. म्हणजे, मला पाव कापून द्यावा.

"कोर्ते!" मागून आवाज आला.

वळून पाहिलं. माझ्या खांद्याएवढ्या एक आजी, लालभडक लिपस्टिक, हातात चाकांची पिशवी. "कोर्ता नाही, कोर्ते. तुला हवंय. अजून झालेलं नाही."

ते मलाही दिसत होतं. पाव अजून फळीवरच होता.

"मग 'आम्ही'?"

"कोर्तामोस?"

वरणात कुणी माशी टाकावी तसं तोंड करून आजी म्हणाल्या, "कोर्तेमोस! 'तुम्ही'? कोर्तेइस! 'ते'? कोर्तेन!" शेवटच्या 'कोर्तेन'ला रांगेतल्या कुत्रेवाल्या काकांनीही सूर लावला. बेकरीवाली हाताची घडी घालून ऐकत होती. मी विचारलं, शाळेत शिकवायचात का? तर म्हणाल्या, छे, चाळीस वर्षं मासे विकले. मासेवालीशी हुज्जत घालायची नसते हे दादरला शिकलेय, म्हणून गप्प बसले.

आता नियम ऐका. कोर्तार म्हणजे कापणे, तशा शेवटी 'आर' असलेल्या क्रियापदांनी 'ए' घ्यायचा आणि एर-इर-वाल्यांनी 'आ', एरवीच्या बरोब्बर उलट. म्हणजे देवळातून निघताना दोघांनी एकमेकांच्या चपला घालून जायचं, आणि याला म्हणायचं नियमित! कोमेर म्हणजे खाणे, त्यातलं 'मी खावं' होतं 'कोमा'. पहिल्या घासाआधीच कोमा. वर 'मी' आणि 'तो' दोघांना एकच रूप, कोण कापणार ते देव जाणे. आमच्याकडेही पाव कापावा, काकडी कापावी, कलिंगड कापावं असतंच की. पण ते आम्ही गिऱ्हाइकाकडून रांगेत म्हणवून घेतो का? एखाद्या गोऱ्याने "पाणी दे" म्हटलं तरी आपण त्याच्यापुढे सरबत धरतो. इथे तीन वर्षं भाडं भरतेय, कर भरतेय, आणि एका स्वरावरून भर दुकानात माझी तोंडी परीक्षा! तीही पावासाठी. बरं, चूक माझीच, हे जास्त झोंबतं.

या गोंधळात बेकरीवालीने पाव तसाच, अख्खा, कागदात गुंडाळून माझ्या हातात ठेवला. पैसे देऊन बाजूला झाले, तोवर आजींचा नंबर लागला. मी कान टवकारले. आता अस्सल सुब्खुन्तिवो ऐकायला मिळणार.

आजी ओगाथाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "मे ला कोर्तास?"

देतेस का कापून? साधा वर्तमानकाळ. शाळेतल्या पहिल्या धड्यातला.

मशीन घरघरलं. मी घरी येऊन सुरीने कापला, एक फोड उशीएवढी, एक पापडाएवढी.