परतीच्या भाड्याचं जेट

शहापूर-वडगावपासून खानापूरपर्यंतच्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय. खाजगी जेटच्या क्लबाची वर्षाची फी भरा, मग बेळगावच्या सांबरा विमानतळावरून मुंबई हवं तेव्हा, तासाभरात, बिझनेस क्लासच्या भावात. परतीच्या रिकाम्या विमानात तर जवळजवळ फुकट. पैसे बुडायची भीती नाही. मेव्हण्यानंही पाठवला, म्हणून लिहायला बसलो.

फी भरली की प्रवास झाला, हा पहिला घोळ. फी फक्त आत शिरायची; उडण्याचे पैसे तासावर, वेगळे. नेटजेट्स या खाजगी जेटच्या कंपनीनं १९८६ साली अमेरिकेत हिश्श्याची पद्धत सुरू केली. तिथे विमानाचा सोळावा हिस्सा विकत घेतला तरी वर्षाला ५० तास मिळतात, आणि देखभालीचं दरमहा बिल येतच राहतं.

खरी मेख मात्र विमान कुठं उभं असतं यात आहे. ते सांबऱ्यात आपली वाट बघत नसतं. मुंबईहून रिकामं येणार, मग तुम्हाला घेऊन जाणार. तासाभराच्या प्रवासाला दोन तासांचं भाडं, रिकाम्या फेरीचंसुद्धा तुमच्याच माथी. शिवाय भाडं अख्ख्या विमानाचं असतं, एक जण बसो की आठ. बिझनेस क्लासचा हिशोब जुळवायचा तर अख्खं वऱ्हाडच न्यावं लागेल.

रिकामी परत फेरी खरोखर स्वस्त मिळते, हे मान्य. पण चोर्ला घाटातून गोव्याला भाजी उतरवून येणारा टेम्पो बघा. स्वस्तात तुमचा माल घेईल, पण त्याच्या वेळेला, त्याच्याच वाटेनं. ज्यानं विमान मूळ भाड्यानं घेतलं त्याचा बेत बदलला, की तुमची फेरी गेली. मुंबईच्या डॉक्टरांची वेळ असल्या भरवशावर घेता येते का?

पैसे बुडत नाहीत म्हणे! व्हील्स अप ही अमेरिकेतली मोठी मेंबरशिपवाली कंपनी. २०२३ मध्ये तिचे पैसे संपत आले. डेल्टा ही विमान कंपनी आणि इतरांनी ५० कोटी डॉलर उभे केले तेव्हा ती तगली. जेटस्मार्टर या अशाच दुसऱ्या कंपनीनं कबूल केलेल्या सवलती काढून घेतल्या, तर मेंबर कोर्टात गेले.

आपल्याकडे आणखी एक भानगड. खाजगी वापरासाठी नोंदवलेल्या विमानात भाडं घेऊन माणसं नेता येत नाहीत. त्याला डीजीसीएचं, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याचं, वेगळं परमिट लागतं. मेव्हण्याला तेवढंच विचारलं, कुठल्या परमिटवर उडणार हे विमान? ‘विचारून सांगतो’ म्हणाला.